सेवफळाचं गरगट

आमच्या घरात बाबा आणि त्यांचे वडील, आबाजी, एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान एकदा तरी मोठ्यानं बोलणं झालं असतं. ही रीत होती. पारशिवनीकडच्या आमच्या गावात मुलाला मिसरूड फुटलं की त्यानं बापासमोर तोंड उघडायचं नाही आणि बापानंही मुलाशी थेट बोलून आपला मान घालवायचा नाही, असं ठरलेलं होतं. मध्ये बोलायला घरात बायका असतच. पुढे बाबा वीज केंद्रात नोकरीला लागले, आम्ही खापरखेड्याच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, आजी गेल्यावर आबाजीही आमच्याकडे आले, आणि चौसोपी घरासाठी केलेली ती रीत दोन खोल्यांत येऊन बसली. पुढच्या खोलीत आबाजींची खाट आणि बाबांची खुर्ची यांच्यात हातभर अंतर होतं. त्या हातभर अंतरात मी उभी असे. आबाजी म्हणत, “सुधे, तुह्या बापाले विचार, आज कोन्ती शिफ्ट हाय?” बाबांनी ते ऐकलेलं असे, तरी ते माझ्याकडे बघत थांबत. मग मी म्हणे, “बाबा, आबाजी विचारतात, आज कोणती पाळी आहे?” बाबा म्हणत, “सांग त्यांना, दुपारची.” आता आबाजी माझ्याकडे बघत थांबत. ते काम आधी आईकडे होतं. मी वाचायला लागले तसं तिनं ते आनंदानं माझ्यावर सोपवलं आणि ती चुलीपाशी मोकळी झाली.

मला त्या कामाचा अभिमान होता, कारण मी नुसता निरोप देत नसे, तो शुद्ध करून देत असे. आमच्या शाळेत पुण्याहून आलेल्या बाई मराठी शिकवत. ‘मले’ नाही ‘मला’, ‘पानी’ नाही ‘पाणी’, ‘काहून’ नाही ‘का’, असं त्या फळ्यावर डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर लिहीत, आणि मी वहीत डावी बाजू उतरवूनच घेत नसे. आबाजींचं बोलणं माझ्यातून पलीकडे जाताना धुऊन, इस्त्री होऊन जाई. बाबा नोकरीच्या सवयीनं ऑफिसातली मराठी बोलत, त्यांना ते खपत असे. आई म्हणायची, “हे पोट्टी एक दिवस आपल्यालेच परीक्षेले बसवते.”

आईला जाऊन आता चार महिने होतील. भेटायला येणारे तिच्या सोसण्याबद्दल बोलतात, तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात, आणि मी मान हलवते. ती हसायची कशी, हे कोणी बोलत नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून, आवाज न करता, नुसते खांदे हलवत हसायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई रडते आहे. एकदा तर शेजारणीनं तिची समजूतही घातली होती. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. दिवसाला अर्धं पान होतं, कधी तेवढंही होत नाही.

त्या वर्षी पोळ्यानंतर आबाजींचे दात काढले. सात उरले होते आणि सातांची तोंडं सात दिशांना होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तीन खेपांत ते सगळे काढले आणि सांगितलं की हिरड्या भरल्या की माप घेऊन नवी बत्तिशी बसवू, तोवर मऊ खा, फळं खा. आबाजींनी आयुष्यभर जे खाल्लं ते सगळं कडक होतं: निखाऱ्यावरची ज्वारीची भाकर, फुटाणे, हिरव्या मिरचीचा ठेचा, उसाचं कांडं. आईनं गुरगुट्या भात केला, तो त्यांनी बाजूला सारला. “हे लेकराचं जेवन होय.” खीर केली. “हे तेरवीचं होय.” मुगाचं पातळ वरण केलं, तर वाटीत बघून म्हणाले, “पानी गढूळ आलं काय वं आज नळाले?” काळा चहा आणि ताक यांवर त्यांचे दिवस चालले. बंडीतून त्यांच्या गळ्याची हाडं दिसू लागली. वसाहतीचा भोंगा वाजला की पूर्वी ते “झाली बाप्पा पाळी” असं म्हणून उठून बसत. आता भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “तुह्या मायले सांग, दिवाळीच्या आंधी मी गावाले चाललो. तिथंच पडून राहीन.” गावच्या घरात तेव्हा कुलूप आणि दोन मांजरी एवढंच होतं. आईनं ते ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवलं. म्हातारा गावी जाऊन उपाशी मरेल ही भीती तर होतीच, पण मरण्याआधी तो वाटेत सगळ्या ओसऱ्यांवर बसून जाईल आणि प्रत्येक ओसरीवर आपली हाडं दाखवेल, हेही तिला दिसत होतं. “सून उपाशी ठेवते असं नाई म्हननार ते,” ती मला म्हणाली, “ते काईच नाई म्हननार. नुसतं पानी मागतीन. मंग लोकंच म्हनतीन.”

अशात एका सकाळी, बाबा सुट्टीचे घरी होते आणि अंघोळीला गेले होते, तेव्हा आबाजींनी मला खाटेजवळ बोलावलं. बरेच दिवस विचार करून ठेवल्यासारखं, हळू आवाजात म्हणाले, “तुह्या बापाले सांग, बर्डीले गेला तं येतानी सेव आन म्हना.” दात नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यातून वारा सुटे, पण ‘सेव’ मला स्वच्छ ऐकू आलं. आमच्या बाईंनी फळांच्या धड्याला हा शब्द मुद्दाम फळ्यावर डावीकडे लिहिला होता आणि त्यावर फुली मारली होती. मी न्हाणीच्या दाराशी जाऊन म्हटलं, “बाबा, आबाजी म्हणतात, सीताबर्डीला गेलात तर सफरचंद आणा.”

आत पाणी ओतायचा आवाज थांबला. “कोणी मागितलं?”

“आबाजींनी.”

“स्वतः?”

“हो. स्वतः.”

बाबा ओल्या डोक्यानंच बाहेर आले. आबाजींनी त्यांच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. पाठवलेलं धोतरही ते “होतं की एक” असं म्हणून घेत. बाबांनी इस्त्रीचा सदरा काढला, जो लग्नकार्याला घालत, आणि नागपूरची बस पकडायला गेले. दुपारी परतले ते लाकडी पेटी घेऊन. किलो दोन किलो नाही, अख्खी पेटी, जशी काश्मिरातून येते तशी खिळे ठोकलेली. बसमध्ये ठेवायला जागा नव्हती म्हणून ती त्यांनी सगळा रस्ता मांडीवर धरली होती आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर पेटीच्या फळ्यांचे पट्टे उमटले होते. खिळे उपटून, वरचं गवत बाजूला करून, त्यांनी पेटी आबाजींच्या खाटेला टेकवून ठेवली आणि मला म्हणाले, “सांग त्यांना, सफरचंदं आणलीत.”

आबाजींनी पेटीत पाहिलं. मग बाबांच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं बघतात.

“हं,” ते म्हणाले.

आता प्रश्न असा की दात नसलेल्या माणसानं सफरचंद खायचं कसं. आईनं किसून पाहिलं, पण कीस हिरड्यांत जाऊन बसला आणि आबाजी दिवसभर जिभेनं हिरड्या कोरत राहिले. मग मी पुढे झाले. बाईंच्या घरून मी वाचायला पुस्तकं आणत असे, त्यांत एक इंग्रजी पाकपुस्तक होतं आणि त्यात ‘ॲपल सॉस’ होता. सॉस म्हणजे लाल बाटलीतला तिखट-गोड, तो आम्ही ऐकून होतो. हा पांढऱ्या वाडग्यात पिवळसर दिसत होता. मी शब्दकोश मांडीवर घेऊन चुलीपाशी बसले. आई विळी घेऊन बसली.

“सफरचंदं पुष्कळ असतात तेव्हा, ‘इन द फॉल’,” मी वाचलं. शब्दकोशात बघितलं. “फॉल म्हणजे पडणे. पडल्यावर करावा.”

“का पडल्यावर?” आमच्याकडे ‘काय’चं ‘का’ होतं.

“सफरचंदं.”

“हे तं पेटीतली होत. झाडावरून पडलेलीच लागतात काय वं?”

“पुस्तकात तसंच आहे.”

आईनं जरा विचार केला. मग एक सफरचंद उचललं, उभी राहिली, हात डोक्यावर नेला आणि सोडून दिलं. ते फरशीवर आपटून दाराशी घरंगळत गेलं. “पडलं,” ती म्हणाली. “आता सांग.” आणि तिचे खांदे हलायला लागले.

फॉल म्हणजे तिकडचा शरद, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सुट्टीत घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मंग ते एक उगाचंच फुटलं.”

पुढे ‘कोअर’ आला. कोअर म्हणजे गाभा. गाभा काढून टाकावा, असं मी वाचलं तेव्हा विळीवरचा हात थांबला. “गाभा फेकाचा? आन खावाचं का, साल?” “सालसुद्धा काढून टाकायची.” “बह्याड हाय हे पुस्तक,” आई म्हणाली, पण बिया दिसल्यावर तिचं समाधान झालं. फोडी थोड्या पाण्यात शिजायला ठेवल्या. घरात असा वास सुटला की बाहेर वीज केंद्राच्या राखेनं माखलेले कपडे झटकणाऱ्या बायका झटकायच्या थांबल्या. फोडी मऊ झाल्या तेव्हा पुस्तक म्हणालं, चाळणीतून काढा. आमच्याकडे तसली चाळणी नव्हती. पुरणयंत्र होतं. आईनं ते वरून काढलं, त्यात फोडी घातल्या आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. ते पितळी यंत्र जुनं होतं, त्याच्या करकरीचा आवाज तीन क्वार्टरं पलीकडे जाई. तसा पुढच्या खोलीतून, कितीतरी दिवसांनी, आबाजींचा उभारीचा आवाज आला.

“पुरन हाय काय वं आज?”

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. “पुरनासारखंच हाय, मामाजी,” आई म्हणाली, आणि आपण खोटं बोललो म्हणून की काय, तिनं त्यात पुरणाचं जायफळ किसून टाकलं.

वाटी मी नेऊन दिली. बाबा दुपारच्या पाळीला निघाले होते, दारात बसून बुटाची नाडी बांधत होते. एवढा वेळ त्यांना नाडी बांधायला कधी लागला नव्हता. आबाजींनी वाटी नाकाशी नेली. “हे का होय?”

“याला सॉस म्हणतात, आबाजी.”

“का म्हन्तात?”

“सेवफळाचं गरगट होय, मामाजी,” आई आतून म्हणाली. पालेभाजी आणि डाळ शिजवून घोटली की आमच्याकडे त्याला गरगट म्हणतात. आबाजींना शब्द कळला. त्यांनी एक चमचा खाल्ला. बुटाची नाडी थांबली. आबाजींनी दाराकडे एकदा पाहिलं आणि सगळी वाटी चाटूनपुसून संपवली. मग म्हणाले, “सांग तुह्या बापाले, चांगलं झालं म्हना.”

“बाबा, आबाजी म्हणतात, उत्तम झालं आहे.”

बाबा सायकलवर बसून गेले. रस्ता रिकामा होता, तरी वळणापर्यंत ते घंटी वाजवत होते.

घंटी ऐकू येईनाशी झाल्यावर आबाजी म्हणाले, “सुधे, इकडं ये. म्या तुले का सांगतलं होतं?”

“सेव.”

“आन तू का सांगतलं?”

“सफरचंद.”

“काहून?”

“सेवला शुद्ध भाषेत सफरचंद म्हणतात.”

आबाजींनी डोळे मिटले. “अवं पोरी, सेव! चन्याच्या पिठाची! तिखट रस्श्यात टाकली का मऊ होते ते, दात लागत नाईत. तेवढी एकच तं चीज राह्यली होती मले खाले.”

मला ते आधी कळलंच नाही. मग कळलं. बाईंची शेव आमच्या गावात सेव होती, आणि सफरचंदही सेव होतं, आणि कोणत्या वेळी कोणती हे गावातलं शेंबडं पोर ओळखत असे. मी जर आबाजींचा शब्द जसा होता तसा बाबांना दिला असता तर त्यांनी न विचारता शेवच आणली असती. मी रडायला लागले. म्हटलं, “बाबा आले की मी सांगते.”

“खबरदार!” आबाजी उठून बसले. “आख्खी पेटी मांडीवर घेऊन आला तो. मी त्याले कधी काई मागतलं नाई. पयल्यांदा मागतलं आन तेही चुकलं, असं कळलं त्याले, तं तो मले जन्मात काई विचारनार नाई. बोलशीन तं पाहून घेजो.”

“मग तुम्ही खाणार काय?”

“हे,” वाटीकडे बघत ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एरंडेल समोर ठेवल्यासारखा झाला. “गोड दोन घास देवाचे असतात वं. जेवन तिखटाचंच.”

मी अर्थातच पाच मिनिटांत आईला सांगितलं. ती पदर तोंडात धरून पिठाच्या डब्यावर बसली ती बराच वेळ उठली नाही. पण हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “म्हातारं तोंडावर खाईन आन आतून वाळीन. पेटी संपेपर्यंत टिकनार नाई.” दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिथून तिनं जाड, लाल, लसणाची शेव आणली. बाबा पहिल्या पाळीला गेले की कांदा-खोबरं भाजून ती दुपारी रस्सा करी, त्यात भाकर कुस्करी आणि वरून शेव सोडी. पहिल्या दिवशी आबाजींनी दोन ताटल्या संपवल्या आणि नाक पुसत म्हणाले, “आता आलो मी परत.” पाळ्यांचा तक्ता आमच्या भिंतीवर लावलेला होता, तो पूर्वी बाबांसाठी होता, आता तो शेवेसाठी झाला. बाबा नसले की तिखट, बाबा असले की गरगट. संध्याकाळी बाबांच्या देखत आबाजी एक वाटी संपवत, मिशी पुसत, “सांग, चांगलं झालं म्हना.” पंधरा दिवसांत त्यांच्या गालांवर मांस दिसू लागलं. बाबा ते बघत आणि सफरचंदाच्या गुणांबद्दल वसाहतीत लोकांना सांगत. आणि मग जे व्हायचं ते झालं. पहिली पेटी संपायच्या आत ते दुसरी घेऊन आले.

आबाजींनी दुसऱ्या पेटीकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडातून ‘हं’सुद्धा निघालं नाही.

दोनच दिवसांनी, भर दुपारी, बाबा दारात उभे. दातांचं माप घ्यायला आबाजींना नागपूरला न्यायचं होतं म्हणून त्यांनी उरलेली पाळी सोबत्यावर सोपवली होती. आम्हाला सांगायला ते विसरले होते. आबाजींच्या पांढऱ्या मिशा रस्श्यानं लाल झाल्या होत्या. आईच्या हातात पळी होती. माझ्या हातात शेवेचा पुडा होता. बाबांनी ताटलीत पाहिलं आणि सवयीनं माझ्याकडे वळले.

“विचार त्यांना, हे काय आहे.”

मी तोंड उघडलं. आत शब्द नव्हता. शेव म्हणू की सेव, हेच मला ठरवता येईना. आबाजी माझ्याकडे बघत थांबले. बाबाही थांबले. रस्श्यावरची तर्री थिजायला लागली. शेवटी आबाजींनी मिशी पुसली, माझ्यावरून नजर काढली आणि सरळ पुढे पाहिलं.

“सेव होय, वामन.”

आईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. बाबा असे दचकले, जणू कोणीतरी मागून हाक मारली असावी.

“सेव?”

“सेव.”

बाबांनी खाटेखालच्या पेटीकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, पुन्हा पेटीकडे. “म्हणजे तुम्ही तेव्हा... हे मागतलं होतं?” ‘मागितलं’ नाही; ‘मागतलं’. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

“हव.”

“मंग आख्खी पेटी काहून खाल्ली?”

“तू आनली म्हनून.”

बाबा मोरीत गेले, बराच वेळ तोंड धूत राहिले, आणि परत येऊन आबाजींच्या समोर फरशीवर मांडी घालून बसले. “वाढ,” आईला म्हणाले. आईनं वाढलं. त्यांनी एक घास घेतला, चावला.

“तिखट कमी हाय.”

“कमी?” आबाजी म्हणाले. “तुह्या तोंडाले चवच कवा होती? लहानपनी माती खात जाये तू.”

“आन सेव आंधीच काहून टाकली? खाली उतरवल्यावर टाकाची असते.”

“मंग ते मऊ कवा होईन? दात काय तू देनार मले?”

“आजच तं माप द्याले नेऊन राहिलो!”

मी कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे मान फिरवत उभी होते. माझ्यासाठी कोणीच थांबत नव्हतं.

त्या दिवशी बस चुकली. दुसऱ्या दिवशी माप दिलं. जाता-येता सगळा रस्ता दोघं भांडत गेले म्हणे. आबाजींनी गावाला जाण्याचं नाव पुन्हा काढलं ते फक्त भांडणात हुकमाचं पान म्हणून. पुढे ते नऊ वर्षं आमच्याकडे राहिले आणि नऊ वर्षं बापलेक बोलले: रेडिओच्या आवाजावरून, गावच्या बांधावरून, चहात साखर किती यावरून, कोणता बैल कोणत्या साली विकला यावरून. दारं-खिडक्या लावल्या तरी शेजारी ऐकू जाई. उरलेल्या पेटीचं गरगट आईनं पुरणासारखं आटवून पोळ्यांत भरलं, आणि ते पोळीत चांगलं की नुसतं चांगलं, यावर त्या दोघांची अख्खी दिवाळी गेली. एकदा अशीच जुंपलेली असताना मी स्वयंपाकघरात येऊन बसले. आई भाकर थापत होती. पुढच्या खोलीतून ‘तुले का समजते’ आणि ‘तुमाले समजते काय मंग’ असे आवाज येत होते. तिनं भाकर तव्यावर टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला.

“पयले बरं होतं वं, सुधे,” ती म्हणाली. “तुह्यातून गाळून तं येत जाये.”